पित्ताशयाची सूज: निदानातला उशीर, ऑपरेशनमधली घाई आणि टाळता येणाऱ्या चुका

पेशंटची पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळदा अर्धा इतिहास तिथेच सापडतो. पॅन्टोप्राझोलच्या रिकाम्या स्ट्रिप्स, गुलाबी अँटासिडची अर्धी बाटली, तीन दवाखान्यांच्या तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर बीपी लिहिलेलं, तिन्हींवर 'गॅस्ट्रायटिस' लिहिलेलं, आणि पोट तपासल्याची नोंद एकीवरही नाही. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, पित्ताचा जुना त्रास आहे."

तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं पित्ताशयाची ऑपरेशनं करतोय. गेली काही वर्षं नवे सर्जन शिकायला येतात, जवळपासचे जनरल प्रॅक्टिशनर फोन करतात, आणि मला त्याच त्याच चुका दिसत राहतात. त्यांतल्या निम्म्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होतात, निम्म्या आत. बाहेर आपण नको तितका धीर धरतो आणि आत नको तितकी घाई करतो. हे उलट करायचं आहे, म्हणून हे लिहितोय.

'पित्त झालंय' यावर थांबू नका

आपल्या भाषेत 'पित्त' या एका शब्दावर फार ओझं आहे. छातीत जळजळलं तर पित्त, आंबट ढेकर आला तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, उन्हातून येऊन डोकं दुखलं तरी पित्तच. त्यामुळे खरोखरच पित्ताशय, म्हणजे यकृताखालची पित्त साठवणारी पिशवी, सुजतं तेव्हा पेशंट तोच शब्द वापरतो आणि डॉक्टर तो ऐकून आम्लाची गोळी लिहितो. पेशंटने सांगितलेला शब्द म्हणजे निदान नव्हे. मी सरळ विचारतो, "पित्त म्हणजे नक्की काय होतं? बोट ठेवून दाखवा."

आम्लपित्ताचा माणूस हात छातीवरून वरखाली फिरवतो, जळजळ म्हणतो, अँटासिडने थोड्या वेळात बरं वाटतं. पित्ताशयाचा माणूस उजव्या बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर पंजा ठेवतो आणि तोच हात मागे उजव्या खवाट्याकडे नेतो. दुखणं आवळल्यासारखं येतं आणि एकसारखं राहतं. पुष्कळदा रात्री, जड जेवणानंतर काही तासांनी उठतं. कूस बदलून उपयोग होत नाही. खडा पित्ताशयाच्या मानेत येऊन परत मागे सरकला तर अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांत सगळं शांत होतं. तो अडकूनच राहिला तर आत दाब वाढतो, भिंत सुजते, रक्तपुरवठा अडखळतो, मागून जंतू वाढतात. म्हणून सहा तासांच्या पुढे गेलेलं दुखणं, त्यासोबत ताप आणि हाताला लागणारा हळवेपणा, हे सगळं पित्ताशयाच्या सुजेचं समजून पुढची पावलं टाकायची.

एक पेशंट माझ्या डोक्यातून जात नाही. साठीच्या आसपासचे शेतकरी, मधुमेह बारा वर्षांचा. हळद शिजवायचे दिवस होते, घरात कोणाला सवड नव्हती. सहा दिवस 'पित्ताचं' औषध चाललं होतं. माझ्याकडे आले तेव्हा मुलगा म्हणाला, "आता दुखणं बरंच कमी झालंय, पण आण्णा जेवत नाहीत म्हणून आणलं." ताप नव्हता. नाडी ११८. साखर ३८०. उजव्या बरगडीखाली हात ठेवला तर तिथे लिंबाएवढा नव्हे, चांगला मुठीएवढा गोळा लागला. दाबल्यावर आण्णा फक्त डोळे मिटायचे. पांढऱ्या पेशी २१,०००.

दुखणं कमी झालं होतं, कारण पित्ताशयाची भिंत मरत चालली होती. पोट उघडलं तेव्हा पित्ताशय काळं-हिरवं पडलं होतं आणि चिमट्याने धरताच ओल्या कागदासारखं फाटलं. मधुमेही आणि म्हाताऱ्या माणसांत हे असंच येतं. ताप येत नाही, आरडाओरडा नसतो, मर्फीची खूण (दाबल्यावर श्वास अडणं, पुढे सांगतो) निगेटिव्ह असते आणि आत गँगरीन असतं. आण्णा वाचले, अकरा दिवस आयसीयूत काढून. पण सहा दिवसांत तीन डॉक्टरांपैकी एकाने जरी त्यांना टेबलावर आडवं करून शर्ट वर करायला लावला असता, तर हे तिसऱ्या दिवशीच कळलं असतं. मला त्या डॉक्टरांचा राग येण्यापेक्षा वाईट जास्त वाटतं. तिघेही कष्टाळू, पण ओपीडीच्या गर्दीत पोटाला हात लावणं सगळ्यात आधी सुटतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला बेंबीच्या वर दुखत असेल तर सोनोग्राफीच्या आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटदुखीचं रूप घेऊन येतो.

मर्फी घाईत काढू नका

शिकागोच्या जॉन मर्फी यांनी ही खूण १९०३ साली सांगितली. सोपी आहे, पण नवे डॉक्टर बोटं खुपसतात, पेशंट 'आई गं' म्हणतो, आणि केसपेपरवर 'मर्फी पॉझिटिव्ह' लिहिलं जातं. खुपसल्यावर कोणालाही दुखेल. हात कोमट करा. बोटं उजव्या बरगडीखाली अलगद ठेवा, थोडी आत न्या आणि तिथेच थांबा. मग पेशंटला दीर्घ श्वास घ्यायला सांगा. पित्ताशय खाली येऊन तुमच्या बोटांना भिडलं की श्वास मध्येच अडतो. अडलेला श्वास ही खूण आहे, चेहरा वाकडा होणं नव्हे. तेच डावीकडे करून बघा. तिथे श्वास अडता कामा नये.

आणि निदान लपेल या भीतीने वेदनाशामक रोखून धरू नका. तपासा, लिहून ठेवा, इंजेक्शन द्या. दुखण्याने वळवळणाऱ्या माणसाचं पोट कोणालाच नीट तपासता येत नाही.

रिपोर्टचं ऑपरेशन करू नका

दर पावसाळ्यात हे एकदा तरी होतंच. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, पाच दिवस ताप, अंगदुखी, पोटात उजवीकडे दुखतंय, उलट्या. सोनोग्राफीत लिहिलेलं असतं: पित्ताशयाची भिंत ९ मिमी, भोवती पाणी, खडे नाहीत, 'अकॅल्क्युलस कोलेसिस्टायटिस', म्हणजे खड्यांशिवायची पित्ताशयाची सूज. सोबत चिठ्ठी: 'तातडीच्या ऑपरेशनसाठी पाठवत आहे.' अशा एका मुलाचे वडील तर पैशांची जुळवाजुळव करूनच आले होते. मी रक्त बघितलं. प्लेटलेट २८,०००, हिमॅटोक्रिट (रक्ताचा घट्टपणा) वाढलेलं. छातीच्या तळाशीही थोडं पाणी. डेंग्यू.

डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि पित्ताशयाची भिंत पाणी पिऊन फुगते. ती सूज पित्ताशयाच्या आजाराची नसते, आणि ताप उतरल्यावर बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप ओसरते. २८,००० प्लेटलेटवर कोणी या मुलाला टेबलावर घेतलं असतं तर रक्तस्राव आवरता आला नसता. सलाइनचं नीट मोजमाप ठेवलं, रोज पोट तपासलं, आठव्या दिवशी पोरगा चालत घरी गेला.

भिंत ३ मिमीच्या वर गेली की रिपोर्टात ती जाड म्हणून येते. पण सिरॉसिसमध्ये जाड होते, हृदय कमजोर असलं तरी, रक्तातली प्रथिनं घसरली तरी, काविळीच्या विषाणूंमुळेही होते. नुकतंच खाऊन आलेल्या माणसाचं आकसलेलं पित्ताशयही जाड दिसतं, म्हणून सहा-आठ तास उपाशीपोटी सोनोग्राफी. जपानी सर्जननी सुरू केलेल्या टोकियो मार्गदर्शक सूचना, त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत, निदानाला तीन पाय मागतात: जागेवरची खूण, म्हणजे मर्फी, हळवेपणा किंवा गोळा, अंगातली खूण, म्हणजे ताप, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी), आणि सोनोग्राफी. पहिल्या दोन असतील तर संशय, तिसरी जुळली तर निदान पक्कं. नुसत्या तिसऱ्या पायावर उभं राहू नका. मी रेडिओलॉजिस्टला फोन करून दोनच प्रश्न विचारतो: "प्रोब पित्ताशयावर दाबल्यावर तिथेच दुखलं का? आणि मानेत खडा हलत होता की अडकलेला?" एवढ्या उत्तरात छापील रिपोर्टपेक्षा जास्त कळतं.

खरं अकॅल्क्युलस असतं, पण ते आयसीयूत भेटतं: भाजलेले, मोठ्या अपघातातले, बरेच दिवस उपाशी, व्हेंटिलेटरवरचे. तिथे ते झपाट्याने बिघडतं.

दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडले आणि पेशंटला कधीच त्रास नव्हता, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. घाबरवून टेबलावर घेऊ नका.

आणि बारा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या पित्ताशयात खडे दिसले, तर आधी सिकल सेलची, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी. विदर्भात आणि नंदुरबारकडे काम करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण तिकडची कुटुंबं कामासाठी आता सगळीकडे येतात. रक्तपेशी सतत फुटत राहिल्या की बिलिरुबिनचे (पित्तातल्या पिवळ्या द्रव्याचे) काळे खडे लहान वयात होतात. हे माहीत नसताना भूल दिली आणि पेशंट थंडीत, कोरडा किंवा ऑक्सिजन कमी पडून राहिला, तर सिकलचा झटका टेबलावरच येऊ शकतो.

'थंड होऊ द्या, सहा आठवड्यांनी बघू'

आम्ही शिकलो तेव्हा हेच शिकवलं जायचं: सलाइन, अँटिबायोटिक, उपास, आणि सूज उतरल्यावर दीड महिन्याने ऑपरेशन. मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच केलं. त्या दीड महिन्यात काही पेशंट पुन्हा दुखणं घेऊन यायचे, एखादा स्वादुपिंडाची सूज घेऊन, एखादी कावीळ घेऊन, आणि काही यायचेच नाहीत. पेरणी असते, लग्न असतं, विम्याची मंजुरी अडकते, दुखणं थांबलं की माणूस विसरतो. मग वर्षाने येतात तेव्हा आत सगळं दगडासारखं चिकटलेलं असतं.

जर्मनीत सहाशेहून अधिक पेशंटांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झाल्यापासून २४ तासांत ऑपरेशन झालेल्यांत गुंतागुंत सुमारे १२ टक्के होती आणि अँटिबायोटिकवर ठेवून ७ ते ४५ दिवसांनी ऑपरेशन झालेल्यांत सुमारे ३४ टक्के. त्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही. सुरुवातीच्या दिवसांत भिंतीतलं पाणी आपल्यासाठी थर मोकळे करून देतं. सक्शनच्या टोकाने हलकेच सरकवलं तरी प्लेन, म्हणजे थरांमधली वाट, मिळतो. दहा दिवसांनी तिथे तंतू तयार होतात आणि तो थर बंद होतो. ऑपरेशन ७२ तासांच्या आतच करायचं, ही रेघ आता पूर्वीसारखी पक्की मानत नाहीत. माणूस भुलेला तयार असेल तर दुखणं सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आत मी ऑपरेशन करतो.

'वय झालंय, नळी घालून ठेवू' हाही आता शॉर्टकट झालाय. कातडीतून पित्ताशयात नळी घालणं जीव वाचवतं, पण खरोखर भूल न सोसणाऱ्यांसाठी. नेदरलँड्समधल्या २०१८ च्या अभ्यासात जोखमीच्या पेशंटांना एका गटात दुर्बिणीचं ऑपरेशन आणि दुसऱ्यात नळी दिली. मोठी गुंतागुंत ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, नळीवाल्यांत ६५ टक्के. अतिगंभीर पेशंट त्यात धरले नव्हते हे ध्यानात ठेवा. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ज्या आजी काल शेतावर जाऊन आल्या, त्यांना नुसत्या वयावरून नाकारू नका.

बिलिरुबिन न बघता टेबलावर घेणं ही मात्र घाईची चूक. बिलिरुबिन वाढलेलं, मुख्य पित्तनलिका (यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी) ६ मिमीच्या वर फुगलेली, तर आधी एमआरसीपी (पित्तमार्गाचा एमआरआय) करून खाली खडा आहे का ते बघा. ताप, कावीळ आणि दुखणं तिन्ही एकत्र असतील तर पित्ताशय नंतर. आधी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, नलिकेतला पू मोकळा करायचा.

बघण्याआधी कापू नका

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो, ते.

बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढलं. शंभर वर्षं पोट उघडूनच ते काढलं जात होतं. जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी एरिख म्यूहं यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून काढलं, आणि आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. मध्ये डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली. पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जायला लागले, जखमा चण्याएवढ्या झाल्या. पण मुख्य पित्तनलिका चुकून कापली जाण्याचं प्रमाण पोट उघडून करायच्या काळात हजारात एक-दोन होतं, ते दुर्बिणीत हजारात तीन ते पाच झालं. तुम्हाला आकडा छोटा वाटेल. माझ्याकडे एकदा बाहेरून सत्तावीस वर्षांची मुलगी आली, ऑपरेशनला सहा दिवस झालेले, डोळे हळदीसारखे पिवळे. मुख्य नलिकेवर क्लिप, म्हणजे नळी बंद करायचा छोटा चिमटा, बसलेला होता. तिला मी मोठ्या शहरात पाठवलं. तिथे काही महिन्यांनी आतडं यकृताच्या नलिकेला जोडावं लागलं. तिचं बाळ दोन वर्षांचं होतं आणि त्या वर्षात ते जास्त करून आजीकडेच राहिलं. हजारात तीनमधली ती एक होती.

ही चूक अडाणी सर्जनकडून होते असं समजू नका. लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा २५२ दुखापतींचा अभ्यास मांडला. ९७ टक्क्यांत मूळ कारण डोळ्यांची फसवणूक होती. सर्जनला मुख्य नलिकाच पित्ताशयाची नळी (पित्ताशयाला मुख्य नलिकेशी जोडणारी, जी कापायची असते) म्हणून दिसली आणि त्याने तिच्यावर खात्रीने क्लिप लावला. हात चांगला होता, ज्ञान होतं, नजर फसली. म्हणूनच 'मला खात्री आहे' याला थिएटरमध्ये काही किंमत नाही.

माझ्याच थिएटरमधली गोष्ट सांगतो. एक तरुण सहकारी, हात फार चांगला. यादीतली चौथी केस, चौतिशीची सडपातळ बाई, चरबी नाही, सूज बेताची. 'सोपं गॉलब्लॅडर'. मी सहायक होतो. ही मुलं एकमेकांना झटपट ऑपरेशनचे व्हिडिओ पाठवतात, चौदा मिनिटं, बारा मिनिटं, आणि त्या दिवशी त्याची नजर दोनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली हे मी बघितलं होतं. त्याने पित्ताशयाची मान सरळ वर खेचली, समोरचा पडदा सोडवला, एक नळी स्वच्छ दिसली. तो म्हणाला, "क्लिप." सिस्टरने दिला. क्लिप नळीच्या पलीकडे पोहोचेना. तो म्हणाला, "मोठा द्या."

तिथे मी म्हणालो, "थांब. हात काढ."

क्लिप पुरत नाही म्हणजे ती नळी मुख्य पित्तनलिका आहे, असंच धरून चालायचं, जोवर उलटं सिद्ध होत नाही. सगळ्यांनी हात मोकळे केले. स्कोप मागे घेतला, पूर्ण यकृत दिसेल इतका. यकृताच्या उजव्या खालच्या बाजूला एक खाच असते, रूव्हिएर्स सल्कस. तिच्यापासून यकृताच्या चौथ्या सेगमेंटच्या (भागाच्या) पायथ्यापर्यंत मनात एक रेघ ओढायची आणि त्या रेघेच्या वरच काम करायचं. आम्ही रेघेच्या चांगले खाली होतो. मान सरळ वर ताणल्यामुळे पित्ताशयाची नळी आणि मुख्य नलिका एका ओळीत येऊन एकच नळी दिसत होती. मान बाहेर आणि खाली धरली, मागच्या बाजूने पडदा सोडवत आलो, आणि वीस मिनिटांनी खरी नळी दिसली. जेमतेम आठ मिमी लांब, बारीक, चरबीच्या एका पदराआड. लहान क्लिप तिच्यावर आरामात बसला.

त्या ताई दुसऱ्या दिवशी चहा-बिस्किट खाऊन घरी गेल्या. आम्ही दोघं संध्याकाळी ते रेकॉर्डिंग तीन वेळा बघत बसलो. तिसऱ्या वेळीसुद्धा, माहीत असूनही, पहिल्या मिनिटांत ती नळी पित्ताशयाचीच वाटत होती.

उपाय स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ सालीच मांडून ठेवलाय: क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी. कॅलोच्या त्रिकोणातली, म्हणजे पित्ताशयाची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली, चरबी आणि तंतू पूर्ण साफ. पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृताच्या गादीवरून सुटलेला. आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच गोष्टी: नळी आणि धमनी. तिन्ही झाल्याशिवाय क्लिप नाही. सगळ्यांना हे पाठ असतं. पण पहिली अट निम्मी करतात, दुसरी सोडून देतात आणि तिसरी 'दिसतंय की' म्हणून मान्य करतात. दुसरीच खरी राखणदार आहे. पित्ताशय गादीवरून सुटून मागे यकृत दिसायला लागलं, की त्या खिडकीतून मुख्य नलिका जाऊच शकत नाही.

माझी सवय अशी. ताणलेलं पित्ताशय आधी सुईने रिकामं करतो, मग ते धरता येतं. टोक उजव्या खांद्याकडे, मान बाहेर-खाली. पहिलं काम नेहमी मागच्या बाजूने. हुकवर (विजेने कापणाऱ्या आकड्यावर) एका वेळी शेवयीएवढंच घ्यायचं, स्वतःकडे ओढून आरपार दिसलं की मग पाय पेडलवर. आणि क्लिप मागायच्या आधी सगळे हात स्थिर. समोरून एक फोटो, मागून एक. मग आमच्या सिस्टर विचारतात, "सर, दोनच?" मला मोठ्याने उत्तर द्यावं लागतं, आणि खोलीत कोणालाही 'नाही' म्हणायची मुभा आहे, भूलतज्ज्ञांना आणि नव्या मुलांनासुद्धा. दोनदा कोणीतरी नाही म्हटलंय. दोन्ही वेळा आम्ही पुन्हा बघितलं. ते फोटो पेन ड्राइव्हवर घालून पेशंटला देतो.

दिसत नसेल तर

सूज इतकी असते की त्रिकोण साफ होतच नाही. अशा वेळी खणत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी जिद्द. पित्ताशय पूर्ण काढलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. ते उघडा, खडे बाहेर काढा, मानेजवळचा धोक्याचा भाग जागेवर ठेवून बाकीचं कापा, ड्रेन (आतला द्रव बाहेर काढणारी नळी) ठेवा. याला सबटोटल म्हणतात. उरलेल्या भागात परत खडे होऊ शकतात, काही दिवस पित्त झिरपू शकतं. ते नंतर निस्तरता येतं. तुटलेली मुख्य नलिका तशी निस्तरत नाही.

पोट उघडायचं ठरवलं तर वेळेत ठरवा, दोन तास झगडून, रक्ताने सगळं माखल्यावर नव्हे. पण एवढंही समजू नका की उघडलं म्हणजे सगळं आपोआप दिसेल. तीच सूज तिथेही असते, आणि आकसलेल्या पित्ताशयात टोकाकडून उलटं सोडवत आलात तर यकृताच्या उजव्या धमनीत आणि नलिकेत थेट शिरता. तेही जमत नसेल तर पित्ताशयात नळी ठेवून बंद करा आणि पेशंटला पुढे पाठवा. ऑपरेशनआधी मी नातेवाइकांना ओट्यावर बसवून सांगतो की यांतलं काहीही करावं लागेल. आधी सांगितलेलं लोक समजून घेतात.

त्रिकोणात रक्त आलं तर आंधळा क्लिप नाही, आंधळी कॉटरी (विजेने जाळणं) नाही. गॉजचा तुकडा आत घालून दाबा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं धरा. बहुतेक रक्त थांबतं; न थांबलं तर निदान कुठून येतंय ते दिसतं.

छोट्या चुका, भराभर. फाटलेलं किंवा पू असलेलं पित्ताशय पिशवीशिवाय पोर्टमधून (पोटावरच्या छिद्रातून) ओढू नका. पिशवी नसेल तर निर्जंतुक ग्लोव्ह बांधून वापरा. पडलेले खडे वेचा, मागे राहिलेला खडा वर्षानंतरही गळू करू शकतो. काढलेलं पित्ताशय टेबलावरच चिरून आतून बघा आणि प्रत्येक वेळी तपासणीला पाठवा. कॅन्सर खड्यांच्या आड लपलेला असतो. साध्या सुजेत पित्ताशय निघाल्यावर अँटिबायोटिक सात दिवस ओढू नका. आणि पेशंटला सांगा की ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन सकाळी जे हिरवे मऊ गोळे पडतात ते खडे नव्हेत. त्या तेलाचाच आतड्यात झालेला साबण आहे तो.

दुसऱ्या दिवशीचा 'गॅस'

दुर्बिणीतून साधं पित्ताशय काढलेला माणूस त्याच संध्याकाळी चहा मागतो. खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि एक-दोन दिवसांत जातो. पण दुसऱ्या दिवशी माणूस उठायला तयार नसेल, नाडी शंभराच्या वर असेल, पोट फुगलं असेल, जेवण नको म्हणत असेल, तर पित्त पोटात झिरपतंय असं समजून सोनोग्राफी करा, बिलिरुबिन बघा. इथेही तोच घातक शब्द आडवा येतो.

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला वॉर्डातून फोन आला. नवीन डॉक्टर म्हणाला, "सर, काल केलेल्या काकांना गॅस झालाय, पॅन्टोप्राझोल दिलंय, सकाळी बघितलं तरी चालेल." मी विचारलं, "नाडी?" तो म्हणाला, "एकशे बारा." मी गाडी काढली. पोट ताठ नव्हतं, पण काका पाय पोटाशी घेऊन पडले होते आणि बोलताना श्वास तोडत होते. सोनोग्राफीत यकृताखाली पाणी दिसलं. सुई घातली तर गर्द पिवळं पित्त आलं. रात्रीच ड्रेन घातला. पित्ताशयाच्या गादीतली एक बारीक नळी, लुश्काची, गळत होती. दोन दिवसांनी ईआरसीपीत स्टेंट टाकला, आठवड्यात ड्रेन कोरडा झाला. क्लिप आणि मुख्य नलिका दोन्ही जागच्या जागी होत्या.

गळती मुख्य नलिकेतूनच असेल आणि तुम्ही यकृत-पित्तमार्गाचे सर्जन नसाल, तर स्वतः टाके घालायला जाऊ नका. पहिली दुरुस्ती अनुभवी हातांनी झाली तरच चांगली टिकते. ड्रेन घाला, अँटिबायोटिक सुरू करा, वरिष्ठ केंद्राला स्वतः फोन करा. पेशंटला आणि घरच्यांना काय झालं ते स्पष्ट शब्दांत सांगा. सोबत ऑपरेशनची पूर्ण नोंद द्या: कुठे क्लिप लावला, किती लावले, काय कापलं, कधी शंका आली. आणि व्हिडिओ द्या, न कापलेला.